मला कोणी नाही म्हणत नाही

४ जानेवारी, शनिवार
संकल्प: यंदा रोजनिशी लिहायचीच. गेल्या वर्षीही हाच संकल्प होता, पण गेल्या वर्षी लिहिण्यासारखं काही घडलं नाही. यंदा घडणार आहे, कारण ते मीच घडवणार आहे.

मुद्दा असा की इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजीच्या मास्तरला कुत्रं विचारत नाही. माझ्या तासाला पोरं ड्रॉइंगच्या शीट पूर्ण करतात. मागच्या सत्रात एकाने माझ्यासमोर बाकावर गिअरबॉक्स उघडला आणि सर, जरा टॉर्च धरता का म्हणाला. धरला. तो शेवटचा अपमान. यापुढे टॉर्च धरणार नाही.

आता हुकमाचं पान काढलंय. 'इंग्रजीच्या अध्यापनातून आंतरसांस्कृतिक कौशल्ये.' परदेशी माणसाशी बोलावं कसं, त्याचं ऐकावं कसं, तो बोलतो काय आणि त्याला म्हणायचं असतं काय. आमची पोरं उद्या जगभर नोकऱ्या करणार. त्यांना मशीन कळतं, माणूस कळत नाही. तो मी कळवणार.

प्राचार्यांना प्रस्ताव दिला. त्यांनी तो हातावर तोलून पाहिला, कल्पना छान आहे, बघू या पुढे, असं म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणजे मंजूर!

जूनपर्यंत: विषय कंपल्सरी. मी प्रमुख. स्वतंत्र केबिन, दारावर पाटी. लायब्ररीशेजारची स्टेशनरीची खोली तशी रिकामीच असते.

८ जानेवारी
प्राचार्यांना पुन्हा भेटलो. मग जेवणाच्या सुट्टीत पुन्हा. मग पार्किंगमध्ये. गाडीची काच वर करता करता ते म्हणाले की शनिवारचा शेवटचा तास घ्या हवा तर, तो कोणालाच नको असतो. उत्तम. पोरांच्या डोक्यावर पुढच्या तासाचं ओझं नाही. प्राचार्यांना शिक्षणाची नस कळते.

परदेशातलं एक कॉलेज भागीदार म्हणून मिळालंय. तिथल्या इंग्रजीच्या मॅडम माझ्या तिसऱ्या ईमेललाच तयार झाल्या.

११ जानेवारी, शनिवार
पहिला तास. तिसऱ्या वर्षाचा मेकॅनिकलचा वर्ग. निम्मी पोरं होती, म्हणजे ज्यांना खरी तळमळ आहे तीच. (बस उशिरा सुटते, असंही एक कारण कानावर आलं.)

विषय: पडद्याआडचा नकार. बाहेरच्या जगात माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. 'इंटरेस्टिंग' म्हणतात. 'बघू' म्हणतात. विषय बदलतात, घड्याळाकडे बघतात, हसतात आणि गप्प बसतात. कसलेला माणूस हे क्षणात ओळखतो. असा रंगलो की खडू दोनदा तुटला.

पुढच्या बाकावर एक मुलगी बसते, प्रश्न फार. तिला मनातल्या मनात 'शंकासुरी' म्हणतो. सर, आपणही तसंच करतो ना, असं तिने विचारलं. प्रश्न शेवटी घेऊ, म्हटलं. शेवटी वेळ उरला नाही. तिच्या शेजारी 'हो सर' बसतो. त्याला काहीही विचारा, उत्तर तेच. आज पाच वेळा सगळं समजलं का विचारलं. पाचही वेळा समजलेलं होतं. आदर्श विद्यार्थी.

१८ जानेवारी, शनिवार
पलीकडच्या मॅडमशी व्हिडिओ कॉल. प्रकल्प ठरला: जिना चढणारी हातगाडी. वरचा सांगाडा आणि दांडा त्यांच्या पोरांनी करायचा, खालचा आस (म्हणजे ॲक्सल) आणि चाकं आमच्यांनी. मार्चमध्ये मॅडम पोरं घेऊन इथे येणार, गाडी जोडणार, आणि संस्थेच्या अध्यक्षांसमोर आमच्या मुख्य जिन्यावर ती चढणार. चढली की विषय कंपल्सरी. हे प्राचार्यांनी स्वतः कबूल केलंय. गाडी चढल्याशिवाय पुन्हा पार्किंगमध्ये येऊ नका, असे त्यांचे शब्द होते.

वर्कशॉपचे सर म्हणाले की अख्खी गाडी एकाच टोळीला करू दे, नाहीतर जोडताना बोंब होईल. मग त्यात संस्कृती कुठे राहिली, असं मी विचारलं. ते पाना उचलून आत गेले.

मॅडमना माझी चाळीस पानी मार्गदर्शिका दाखवली. व्हेरी इंटरेस्टिंग म्हणाल्या. मग यात तुमचा किती वेळ गेला असेल, असंही म्हणाल्या आणि घड्याळ पाहिलं. वेळेची कदर असलेली बाई. पहिल्या नऊ पानांपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

पाहुण्या मॅडम आपल्याकडेच उतरतील असं घरी जाहीर केलं. बायको म्हणाली, बघू. तिची मार्चमध्ये कसलीशी शिवणकामाची ऑर्डर आहे, वर्कशॉपच्या एप्रनची वगैरे, ते दोनदा सांगून झालं. छान, म्हटलं, मॅडमना गृहोद्योगही बघायला मिळेल.

२५ जानेवारी, शनिवार
वर्गाला नियम दिले. कोणी बोललं की मनात पाचपर्यंत मोजून मगच उत्तर. मध्ये बोलायचं नाही. घरच्या चौकशा नाहीत. 'नो' आणि 'राँग' हे दोन शब्द बंद. त्याऐवजी म्हणायचं, 'दॅट इज अ फ्रेश पर्स्पेक्टिव्ह.'

शंकासुरीने विचारलं की त्यांचं चाक खरंच चुकलेलं असेल तर. म्हटलं, चाक बदलता येतं, नातं बदलता येत नाही. हे वाक्य पाटीखाली लावायला बरं. 'हो सर'ने वहीत उतरवून घेतलं.

१ फेब्रुवारी, शनिवार
पहिलं संयुक्त सत्र! पडद्यावर दोन वर्ग आमनेसामने.

मजा अशी की मॅडमनी त्यांच्या पोरांना आमच्याबद्दल शिकवून ठेवलेलं. ही मंडळी मोकळी असतात, एकदम बोलतात, घरची विचारपूस केली नाही तर त्यांना परकं वाटतं. त्यामुळे त्यांची पोरं सुरुवातीलाच एकदम कल्ला करत सुटली. भावंडं किती, वडील काय करतात, लग्न कधी. आमची पोरं मख्ख. पाचपर्यंत मोजत होती. मोजून तोंड उघडेपर्यंत पुढचा प्रश्न. मग पुन्हा एकपासून.

दहा मिनिटांनी तिकडच्यांना आपलं काहीतरी चुकतंय असं वाटलं असावं. तेही गप्प झाले. मग दोन देश एकमेकांकडे बघत शांत बसले. अशी प्रगल्भ शांतता या कॉलेजात मी पाहिली नव्हती. वर्कशॉपचे सर डोकावले आणि नेट गेलं का विचारून गेले. यंत्राच्या माणसाला शांततेचं वावडंच असतं.

मॅडमना मी सांगितलं की आमच्याकडे कोणी असं एकमेकांचं बोलणं तोडत नाही. त्या काहीतरी बोलत होत्या तेव्हाच सांगितलं, म्हणजे विषयाला धरून.

८ फेब्रुवारी, शनिवार
आज डोळे पाणावले. लिहूनच ठेवतो.

सांगाडा किती रुंद, यावर अडलं होतं. त्यांचा सांगाडा अरुंद, आमचा आस रुंद. आमची पोरं म्हणाली, फ्रेश पर्स्पेक्टिव्ह. त्यांची म्हणाली, व्हेरी इंटरेस्टिंग. कोणी आवाज चढवला नाही, कोणी कोणाला खोडलं नाही. सत्र हसतखेळत संपलं.

आणि संध्याकाळी कळलं की आमच्या पोरांनी पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून आपला आस कापून अरुंद केला! मी मॅडमना आनंदाने कळवायला गेलो, तर त्यांचा निरोप आधीच आलेला: आमच्या मुलांनी तुमच्या मुलांचा मान राखत सांगाडा रुंद केलाय.

दोघांनीही माघार घेतली! दोघांनीही! जगातल्या सगळ्या तंट्यांना हेच औषध आहे. वर्कशॉपच्या सरांना सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग एक शब्द बोलले. तो रोजनिशीत लिहिण्याजोगा नाही.

आता गाडी बसेल कशी, असं शंकासुरीने विचारलं. पुढच्या शनिवारी घेऊ, म्हटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
मागच्या खोलीतलं शिवणयंत्र गॅलरीत हलवलं. कपाट भिंतीला सरकवलं, पलंगावर नवी चादर, दारावर मीच रंगवलेलं 'वेलकम'. बायको दारात उभी राहून बघत होती. एक शब्द बोलली नाही. मौनं संमतिदर्शनम्. आपल्या पूर्वजांना हे शास्त्र पुरतं ठाऊक होतं.

कालच्या तासाला शंकासुरीच्या प्रश्नाला वेळ उरला नाही.

२३ फेब्रुवारी
बायको सकाळपासून गॅलरीत शिवत असते. ऊन वर आलं की खुर्ची सरकवते, पुन्हा आलं की पुन्हा सरकवते. मोकळ्या हवेचा तुला फायदाच झाला, असं सांगितलं. ती उठून आत गेली. हवा जास्त झाली असावी.

मॅडमचा ईमेल: तुम्ही किती चांगले आहात, पण तुम्हाला त्रास नको. कळवलं, त्रास कसला. त्यावर: खरंच, आमच्यासाठी एवढं करू नका. कळवलं, अजून काहीच केलेलं नाही, गीझरही बदलतोय. मग उत्तर आलं नाही. म्हणजे पक्कं.

१ मार्च, शनिवार
टेप घेऊन स्टेशनरीची खोली मोजली. टेबल आडवं बसेल. ग्रंथपाल बाई विचारायला लागल्या, काय चाललंय. लवकरच कळेल, म्हटलं. भाषणाची तालीम आरशासमोर. 'चाक बदलता येतं' या वाक्यावर थांबायचं. टाळ्या.

१० मार्च, सोमवार
पाहुणे आले. फुलं आणि पाटी घेऊन स्टेशनवर गेलो. मॅडमनी फार प्रेमाने विचारपूस केली आणि सगळ्यांसकट हॉटेलवर गेल्या. बुकिंग जानेवारीतच केलेलं. जानेवारीत! आपण यजमानावर ओझं होऊ नये याची आधीपासून केवढी ती काळजी. याला म्हणतात संवेदनशीलता. पुढच्या वर्षी शिकवायला घेईन.

घरी आल्यावर बायकोने विचारलं की मशीन आत घेऊ का. म्हटलं, थांब, त्यांचं मन बदलेल. हॉटेलमध्ये कोणाला करमतं.

१२ मार्च, बुधवार
काय लिहू?

सकाळी अकराला मुख्य जिना. खाली अध्यक्ष, प्राचार्य, दोन्हीकडची पोरं, सगळी नव्याकोऱ्या निळ्या एप्रनमध्ये. पाहुण्यांनी सांगाडा उघडला, आमच्यांनी आस आणला. सांगाडा आसाच्या दोन्ही बाजूंनी वीत वीत बाहेर. सगळे हसले. 'हो सर'ने पाचपर्यंत मोजलं आणि फ्रेश पर्स्पेक्टिव्ह म्हणाला. तिकडचा एक उंच मुलगा व्हेरी इंटरेस्टिंग म्हणाला आणि सगळ्यांनी मिळून दोरीने आवळून ती गाडी जोडली. मला अभिमान वाटत होता. हे प्रामाणिकपणे लिहितो.

गाडीवर पाहुण्यांना द्यायच्या स्मृतिचिन्हांची पेटी. पहिली पायरी चढली. टाळ्या. दुसरी. तिसऱ्या पायरीवर एक चाक गाडी सोडून एकटंच परत निघालं. मागोमाग पेटी. अध्यक्ष चपळ निघाले म्हणून बरं. बूट तेवढा एक गेला.

आणि शंकासुरी ओरडली, "नो!"

मग कोणी पाचपर्यंत मोजलं नाही. राँग, टोटली राँग, हू टोल्ड यू टू कट इट, हू टोल्ड यू टू मेक इट वाइड, तुला मापं पाठवली होती, मग तू का नाही बोललास, तू का नाही बोललीस. आमची पोरं त्यांच्यावर, त्यांची आमच्यावर, एप्रन फडफडतायत, उंच मुलगा जिन्यावर बसून खडूने फरशीवर आकृती काढतोय आणि 'हो सर' ती बोटाने पुसतोय. 'हो सर'! मी मध्ये पडलो, हात वर करून नियम क्रमांक दोन म्हटलं. कोणाला ऐकू गेलं नाही. दहा मिनिटांत सगळी वरात गाडीसकट वर्कशॉपकडे. मीही मागोमाग. दारात 'हो सर'ने मला अडवलं आणि सर, तुम्ही जरा बाहेर बसता का, असं नम्रपणे विचारलं. पोरांना माझ्या तब्येतीची काळजी. बसलो. आतून दिवसभर ग्राइंडरचा आणि भांडणाचा आवाज येत होता. मध्येच हसण्याचाही.

जेवलो नाही. भूक नव्हती. भाषणाचा कागद खिशात तसाच आहे.

१३ मार्च, गुरुवार
गाडी चढली. सगळा जिना, वरपर्यंत, पेटीसकट, आणि खाली उतरूनही दाखवली. रात्री त्यांनी नवा आस केला, सांगाडा कापला, मधोमध तिसरं चाक लावलं. अध्यक्षांनी दुसरे बूट घालून स्वतः ती ओढून पाहिली.

मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या की तुमची मुलं फार सुंदर भांडतात, असं भांडायला आमच्या मुलांना सहा आठवडे आधीच मिळालं असतं तर किती बरं झालं असतं. मी मान झुकवून कौतुक स्वीकारलं. विचार केला तर श्रेय माझंच आहे. सहा आठवडे दाबून धरल्याशिवाय आवाज एवढा साठतो कुठून?

नंतर मॅडमनी एप्रनची शिवण बोटाने चाचपून पाहिली. खिसे एकदम जागच्या जागी आहेत, कोणी शिवले म्हणाल्या. मला माहीत नव्हतं. वर्कशॉपचे सर म्हणाले, यांच्याच मिसेसनी. ऑर्डर दोन महिन्यांपूर्वीची, वेळेच्या आदल्या दिवशी पोच. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. आपल्याच कॉलेजचे एप्रन होते हे मला कसं कळलं नाही? कोणी नीट सांगितलं नसेल.

घरी येऊन आधी पलंग बाहेर काढला आणि मशीन खोलीत आणून ठेवलं. बायको म्हणाली, राहू दे आता, ऑर्डर संपली. तरी ठेवलं. जरा वाईट वाटलं. जरा नाही.

२१ मार्च, शुक्रवार
निकाल! प्राचार्यांनी बोलावलं. विषय कंपल्सरी झाला.

स्टाफसाठी.

पलीकडच्या मॅडम ऑनलाइन शिकवणार. शनिवारचा शेवटचा तास. हजेरी सक्तीची. विद्यार्थ्यांना याची गरज उरलेली नाही, असं अध्यक्षांचं मत पडलं. मी विचारलं की माझी भूमिका काय, सहअध्यापक की समन्वयक. प्राचार्य म्हणाले की तुम्ही पहिल्या बाकावर बसा. म्हणजे नक्की कुठली जबाबदारी, असं विचारलं. बसा, एवढंच म्हणाले.

केबिनचा विषय काढला. स्टेशनरीच्या खोलीत हातगाडी ठेवलीय. दारावर पाटीही लागली आहे. गाडीच्या नावाची.

तरीही संधी म्हणूनच बघायला हवं. मॅडमसाठी काही सूचना काढून ठेवल्या आहेत. सध्या बारा पानं.

३० मार्च, रविवार, सकाळ
काल लिहायला जमलं नाही. म्हणून आज.

काल स्टाफचा पहिला तास. पहिला बाक. शेजारी वर्कशॉपचे सर, मागे प्राचार्य. सूचनांची बारा पानं घडी करून खिशात. तास सुरू होण्याआधी द्यायची होती, पण मॅडम पडद्यावर.

मॅडमनी एकच काम दिलं. तुम्हाला अलीकडे कोणी नकार दिला तो प्रसंग चार ओळींत लिहा, आणि तो नकार आहे हे तुम्ही कशावरून ओळखलंत तेही. वर्कशॉपचे सर लगेच खाली मान घालून लिहायला लागले. प्राचार्यही. मी पेन धरून बसलो. जानेवारीपासूनचा एकेक दिवस मनात तपासला. प्राचार्य, मॅडम, पोरं, घर. एकही सापडेना. खोटं कशाला लिहायचं? शेवटी एकच ओळ लिहिली: मला आजवर कोणीही नाही म्हटलेलं नाही.

मॅडमनी सगळ्यांची मोठ्याने वाचायला लावली. माझी पाळी आली. वाचली.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. वर्कशॉपच्या सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो माणूस कधी कोणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही. पडद्यावर मॅडम म्हणाल्या, व्हेरी इंटरेस्टिंग.

आणि तिथे, पहिल्या बाकावर, कान गरम झाले. अकरा जानेवारीला खडू तोडून तोडून मी शिकवलं होतं ना. सगळ्या वर्गाला समजलं होतं. पाच वेळा विचारून खात्री करून घेतली होती.

घरी पायी आलो. बायको स्वयंपाकघरात होती. चपला न काढताच विचारलं की तू मला कधी नाही म्हणाली आहेस का. तिने माझ्याकडे पाहिलं. थट्टा करतोय की काय, ते पाहिलं असावं. मग गॅस बंद केला, एक खुर्ची स्वतःसाठी ओढली, दुसरी माझ्यासाठी, आणि विचारलं की अलीकडून सांगू की पहिल्यापासून.

म्हटलं, दोन मिनिटं थांब, तासाचं एवढं रोजनिशीत टिपून येतो.

ती म्हणाली, नाही.

बसलो.